विकलं तेव्हा किंमत कुठे ठाऊक होती?

कॉमिक्स, चित्रपट आणि मालिकांच्या धंद्यात एक भांडण फार जुनं आहे. पगार किंवा मानधन घेऊन कुणीतरी एक पात्र घडवतं. पुढे त्या पात्रावर सिक्वेल निघतात, खेळणी निघतात, कोट्यवधींची उलाढाल होते. त्यात घडवणाऱ्याचा हक्क किती? खालच्या संवादातली दोन्ही माणसं काल्पनिक आहेत. मामाने चित्रपट आणि मालिका बनवणाऱ्या कंपनीत बसून आयुष्यभर करार लिहिले. भाची मालिकांच्या पटकथा लिहिते आणि एका नव्या मालिकेचा करार सहीसाठी तिच्याकडे आला आहे. त्यांच्या बोलण्यात येणारी प्रकरणं मात्र खरी आहेत.

भाची : मामा, हे सातवं कलम वाच. सर्व हक्क, कायमचे, संपूर्ण विश्वात, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सगळ्या माध्यमांसाठी. विश्वात! नुसत्या पृथ्वीवर यांचं भागत नाही.

मामा : असली कलमं मी ढिगाने लिहिली आहेत. भाषा अमेरिकन करारांतून आली, आम्ही उतरवून घेतली. तुला हसू येतंय, पण त्यामागे भीती आहे. उद्या ही मालिका दुसऱ्या भाषेत करायला कुणी विकत मागितली, तर तो पहिला प्रश्न विचारणार, सगळे हक्क नक्की तुमच्याकडेच आहेत ना? एका कागदावर शंका आली की सौदा फिसकटतो.

भाची : म्हणजे तुमचा सौदा फिसकटू नये म्हणून माझी पात्रं, त्यांचे सिक्वेल, त्यांचे टी-शर्ट, गेम, सगळं आजच्या भावात?

मामा : आजच्याच भावात, कारण व्यवहार आज होतोय. सुताराने कपाट करून दिलं, पैसे घेतले. पुढे त्या कपाटात कुणी दागिने ठेवले, तर सुतार वाटा मागायला येतो का?

भाची : कपाटाला पिल्लं होत नाहीत, मामा. पात्राला होतात. सुतार एक कपाट विकतो, दुसऱ्याला दुसरं विकतो. मी मात्र या मालिकेतली आजी विकली की तिच्यावरची पुढची एक ओळसुद्धा मला लिहिता येणार नाही. आणि तिच्यावर दहा सिनेमे निघाले तरी मला विचारायची गरज कुणाला नसेल.

मामा : दहा निघतील तेव्हा बोलू. दहातल्या नऊ मालिका वर्षभरात गुंडाळल्या जातात, त्यांचा तोटा कोण भरतो? तोट्यात वाटा उचलतेस का?

भाची : उचलतेच. मानधनाचा शेवटचा हप्ता प्रक्षेपणानंतर मिळतो. मालिका आलीच नाही तर तो बुडतो, आणि त्याआधी चार वेळा फुकट लिहून दिलेला आराखडाही बुडतो. तुमचा तोटा ताळेबंदात दिसतो, आमचा कुठे लिहिलेलाच नसतो.

मामा : बरं, मान्य. पण कंपनीने काही हिसकावलं असं म्हणू नकोस. सही तूच करतेस.

भाची : सही जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनीही केली होती. क्लीव्हलंडची दोन पोरं, सुपरमॅनचा कागदी जीव त्यांनी आधीच घडवून ठेवलेला. १९३८ मध्ये तेरा पानांचे १३० डॉलर घेतले, पानाला दहा या हिशेबाने, आणि त्याच व्यवहारात सगळे हक्क कंपनीला लिहून दिले. 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक निघाला आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

मामा : सगळ्यांना अर्धंच माहीत असतं. १३० डॉलर घेऊन ते घरी गेले नाहीत. पुढची दहाएक वर्षं त्याच पात्रावर त्यांना काम होतं, पानामागे पैसे होते. आणि आधी ती गोष्ट किती जणांनी नाकारली होती! छापायची हिंमत एकाच कंपनीने केली. आता मुद्द्याचं ऐक. त्यांचा सुपरमॅन उडत नव्हता. तो लांब उड्या मारायचा. तो उडायला लागला तो रेडिओ आणि कार्टून फिल्मच्या काळात. ज्या क्रिप्टोनाइटने तो दुबळा होतो, ते लोकांना पहिल्यांदा भेटलं १९४३ मध्ये रेडिओच्या मालिकेत. आज मूल ज्याला सुपरमॅन म्हणतं तो शंभर लोकांनी मिळून घडवलाय. पहिल्या दोघांनाच सगळं द्यायचं, तर बाकीच्यांचं काय?

भाची : बाकीच्यांनाही कंपनीने काही दिलं नाही, मग त्यांची आठवण नेमकी पहिल्या दोघांना नाकारतानाच का होते? सीगल-शुस्टरने १९४७ मध्ये दावा लावला. तडजोडीत थोडे पैसे मिळाले, काम गेलं आणि कॉमिकवरून नावंही गेली. १९७५ मध्ये सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार अशी बातमी आली, तेव्हा सीगलने वर्तमानपत्रांना पत्र लिहून आपली अवस्था सांगितली. नील ॲडम्स, जेरी रॉबिन्सनसारखे चित्रकार पाठीशी उभे राहिले. मग कुठे दोघांना वर्षाला वीस हजार डॉलरचं निवृत्तिवेतन आणि नावाचं श्रेय मिळालं. कायद्याने नाही, लाजेने.

मामा : लाजेने का होईना, दिलं.

भाची : लाज मोठ्या नावांपुढेच वाटते. म्हणून मला कायदा हवा. आणि माझं म्हणणं एवढंच आहे, की हा व्यवहार होतो तेव्हा किंमत कुणालाच ठाऊक नसते. विकणाऱ्याला नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. जमीन विकताना आजूबाजूचा भाव तरी कळतो. नव्या पात्राला भावच नसतो. मग ज्याच्या घरात चूल पेटायची आहे तो स्वस्तात देतो, आणि ज्याच्याकडे वेळ आहे तो घेऊन ठेवतो.

मामा : घेणारा पण चुकतो. जॉर्ज लुकासने 'स्टार वॉर्स'च्या वेळी सिक्वेलचे आणि मालाच्या विक्रीचे हक्क स्वतःकडे राखले. स्टुडिओला त्यात काही मोल वाटलं नाही. १९७७ मध्ये चित्रपट आला आणि खेळण्यांनी इतिहास घडवला. २०१२ मध्ये त्याने कंपनी डिस्नेला विकली ती चार अब्ज डॉलरच्या वर. बघ, हुशारीने बोलणी करणाऱ्याला कायद्याची कुबडी लागत नाही.

भाची : लुकासच्या आधीच्या चित्रपटाने भरपूर गल्ला जमवला होता, म्हणून त्याला बोलणी करता आली. त्यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. स्टुडिओत वकिलांची फौज होती, तरी त्यांना किंमत कळली नाही. मग क्लीव्हलंडच्या पोरांना कशी कळावी? अमेरिकेच्या संसदेने १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात हीच गोष्ट ओळखली. १९७८ पासून पुढे दिलेले हक्क लेखक किंवा त्याचे वारस ३५ वर्षांनी परत मागू शकतात, त्याआधी दिलेल्यांना वेगळी मुदत आहे. करारात काहीही लिहिलेलं असो. उशिरा का होईना, किंमत कळल्यावर पुन्हा एकदा टेबलावर बसायची संधी.

मामा : आणि त्याच कायद्यात एक दरवाजा बंद ठेवलाय, तो सांगितला नाहीस. नोकरीत केलेलं किंवा कंपनीने ठरवून करून घेतलेलं काम असेल, तर हक्क परत मागायची सवलत लागू होत नाही. तिथे कायद्याच्या लेखी लेखक कंपनीच. माणूस लेखकच नाही, मग परत काय मागणार?

भाची : तो दरवाजा कुणावर बंद झाला बघ ना. जॅक किर्बी. फॅन्टास्टिक फोर, हल्क, थॉर, एक्स-मेन, मार्व्हल या कॉमिक्स कंपनीसाठी यांची पानं त्याने घरी बसून काढली. स्वतःचं टेबल, स्वतःची पेन्सिल, पगार नाही, पेन्शन नाही, पानाला दर. डिस्नेने २००९ मध्ये मार्व्हल सुमारे चार अब्ज डॉलरला घेतली. त्याच वर्षी किर्बीच्या मुलांनी हक्क परत मागितले. २०१३ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, हे काम मार्व्हलच्या सांगण्यावरून आणि मार्व्हलच्या खर्चाने झालं. घरातली वीज, कागद, पाठदुखी किर्बीची, खर्च मार्व्हलचा!

मामा : कोर्टाचं म्हणणं वाच नीट. कोणत्या पात्रावर काम करायचं ते मार्व्हल ठरवायची. आणि कॉमिक खपलं नाही तरी किर्बीला पानाचे पैसे मिळायचे. जोखीम कंपनीची होती.

भाची : नापसंत पानांचे पैसे द्यायची सक्ती मार्व्हलवर नव्हती. ती जोखीम किर्बीचीच. आणि कंपनीला आपल्या बाजूची एवढी खात्री होती, तर २०१४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात असताना तडजोड का केली? त्यानंतर मार्व्हलच्या कॉमिक्सच्या श्रेयनामावलीत किर्बीचं नाव ठळकपणे येऊ लागलं.

मामा : तडजोड म्हणजे कबुली नव्हे. पण मी तुला एक सांगतो. त्याच कंपनीत स्टॅन ली होता. त्याच्या करारात एक वाक्य होतं, सिनेमा आणि टीव्हीच्या नफ्याचा दहा टक्के वाटा. 'स्पायडर-मॅन' धो-धो चालला आणि पैसे आले नाहीत म्हणून त्याने २००२ मध्ये आपल्याच कंपनीवर दावा लावला. २००५ मध्ये एक कोटी डॉलरवर मिटलं. किर्बीकडे तसं वाक्य नव्हतं, लीकडे होतं. म्हणून म्हणतो, न्यायाच्या गोष्टी नंतर, आधी वाक्य लिहून घे.

भाची : वाक्य लिहून घ्यायलाही ताकद लागते, मामा. ली संपादक होता, कंपनीचा चेहरा होता. आता याहून विचित्र उदाहरण देते. ब्रिटनमध्ये १९६३ मध्ये 'डॉक्टर हू' सुरू झालं. त्यात डालेक नावाचे यंत्रराक्षस आले आणि अख्खा देश वेडा झाला. खेळणी, पुस्तकं, दोन सिनेमे. गोष्ट लिहिली टेरी नेशनने. तो बाहेरचा लेखक, त्याच्या एजंटने हक्क राखून ठेवले होते. तो श्रीमंत झाला. पण डालेक दिसतो कसा, तो पाय नसलेला, सरकत येणारा, अंगावर अर्धगोलांच्या रांगा असलेला आकार कुणी काढला? रेमंड क्युसिकने. तो बीबीसीचा नोकर. त्याला पगार आणि वर एक किरकोळ बक्षिसी. मुलं खेळण्याच्या दुकानात जाऊन काय विकत घेत होती, नेशनचे संवाद की क्युसिकचा आकार?

मामा : क्युसिकला दर महिन्याला पगार होता, डालेक चालो वा न चालो. नेशनला ती हमी नव्हती. सुरक्षितता घेतली की नशिबातला वाटा सोडावा लागतो.

भाची : हे समीकरण कागदावर छान दिसतं. पण त्या पगारात डालेकची किंमत धरलेली नव्हती, कारण ती कुणाला ठाऊकच नव्हती. एकाच राक्षसाचे दोन बाप. एकाच्या वारसांशी बीबीसीला २००४ मध्ये, मालिका पुन्हा सुरू करताना, बोलणी करावी लागली. ती एकदा फिसकटली, मग जुळली. दुसऱ्याचा प्रश्नच उद्भवला नाही. यात कल्पकता कुणाची जास्त हा विचार कुठेच नाही. हजेरीपटावर नाव आहे की नाही, एवढ्यावर निकाल.

मामा : आता माझी बाजू ऐक. बाहेरच्या लेखकाकडे मालकीचा तुकडा राहिला की काय होतं? जेम्स बॉन्ड बघ. इयन फ्लेमिंगने केव्हिन मॅक्लोरी आणि जॅक व्हिटिंगहॅम यांच्याबरोबर एका बॉन्डपटाची पटकथा बेतली. सिनेमा झाला नाही, म्हणून फ्लेमिंगने त्यावरून १९६१ मध्ये 'थंडरबॉल' ही कादंबरी काढली. मॅक्लोरी कोर्टात गेला. १९६३ मध्ये मिटलं तेव्हा त्या गोष्टीचे चित्रपटाचे हक्क मॅक्लोरीकडे गेले. त्याबरोबर 'स्पेक्टर' ही संघटना आणि ब्लोफेल्ड हा खलनायक वादात अडकले. १९७१ नंतर अधिकृत बॉन्डपटांत ब्लोफेल्डचं नाव घेता येईना. १९८३ मध्ये तर दोन बॉन्ड एकाच वर्षी, एक रॉजर मूरचा आणि एक मॅक्लोरीच्या हक्कावरचा शॉन कॉनरीचा. बॉन्डपटांच्या निर्मात्यांनी मॅक्लोरीच्या वारसांकडून हक्क २०१३ मध्ये विकत घेतले, तेव्हा २०१५ मध्ये 'स्पेक्टर' आला. चाळीसहून जास्त वर्षं प्रेक्षकांचा आवडता खलनायक गोठून पडला. तुझ्या मालिकेला वीस लेखक असतील. प्रत्येकाकडे एकेक पात्राची मालकी राहिली, तर नायिकेच्या लग्नाला सासूला बोलवायचं की नाही हे कोर्ट ठरवेल!

भाची : हे मी मानते. आणि एका पात्राचे दोन कर्ते असले की ते एकमेकांनाही न्याय देत नाहीत. बॅटमॅन बघ. बॉब केनने स्वतःचं नाव करारात पक्कं करून घेतलं. बिल फिंगरने गोष्टी लिहिल्या, पोशाखाला रूप दिलं आणि १९७४ मध्ये तो गेला. त्याचं नाव श्रेयात यायला २०१५ उजाडलं. तेव्हा एकट्या कर्त्याच्या हाती मालकी द्या, असं मी म्हणतच नाही.

मामा : मग भांडतोय कशावरून?

भाची : मालकी आणि वाटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यावरून. मालकी कंपनीकडे एकसंध राहू दे. निर्णय तिने घ्यावेत, सिनेमा तिने विकावा. पण कमाई झाली तर त्यातला वाटा विकताच येऊ नये. आणि हा काही माझ्या डोक्यातून निघालेला विचार नाही, आपल्याच कायद्यात आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटसंगीताच्या खटल्यात म्हटलं, की निर्मात्याने पैसे देऊन गाणं करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक निर्माता. पस्तीस वर्षं संगीतकार आणि गीतकार त्या निकालाखाली राहिले. मग जावेद अख्तर राज्यसभेत गेले, मागणीला आवाज मिळाला आणि २०१२ मध्ये आपला कॉपीराइट कायदा बदलला. चित्रपटातल्या साहित्याचा किंवा संगीताचा कर्ता हक्क कंपनीला देऊ शकतो. पण सिनेमागृहाबाहेर त्या कामाचा जो वापर होईल, त्यातला बरोबरीचा वाटा तो सोडू शकत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. उलट करार केला तर तो रद्दबातल.

मामा : अमेरिकेने मालकी उशिरा परत दिली, आपण मालकी जाऊ दिली आणि वाटा बांधून ठेवला. ही सोय मला जास्त शहाणपणाची वाटते. कारण अमेरिकेच्या वाटेवर सुपरमॅनचं काय झालं? सीगलच्या वारसांनी हक्क परत मागितले, २००८ मध्ये एक निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २०१३ मध्ये अपिलात उलटला. २००१ मध्ये त्यांनी समझोता मान्य केला होता, असं कोर्ट म्हणालं. शुस्टरच्या घरच्यांनी १९९२ मध्ये पेन्शनच्या बदल्यात सही केली होती, त्यांचंही बारगळलं. पैसा वकिलांनी कमावला. २०३४ उजाडलं की 'ॲक्शन कॉमिक्स'चा तो पहिला अंक अमेरिकेत सगळ्यांचाच होईल.

भाची : पण आपल्या सोयीतही भोक आहे. वाट्याची हमी साहित्याला आणि संगीताला आहे. चित्रकाराला नाही. क्युसिक मुंबईत जन्मला असता, तरी त्याच्या हाती काही लागलं नसतं. ॲनिमेशनमधलं पात्र ज्याच्या रेषेने उभं राहतं, त्याच्या वाट्याबद्दल कायदा गप्प आहे.

मामा : ते खरं. ॲनिमेशनचे करार लिहिताना मला ते दिसायचं. तो माझा फायदा होता, म्हणून मी बोललो नाही. मात्र आपल्याकडे एक गोष्ट अमेरिकेपेक्षा बरी आहे. तिथे नोकरीत केलेल्या कामाचा लेखक कंपनी. इथे कंपनी पहिली मालक होते, लेखक मात्र माणूसच राहतो. म्हणून आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ त्याच्यासोबत राहतं. नाव लावण्याचा आणि कामाची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क मालकी विकली तरी संपत नाही. अमरनाथ सेहगल यांचं कांस्यशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होतं. सरकारने पैसे देऊन करून घेतलेलं, सरकारच्या मालकीचं. नूतनीकरणात ते उखडून गोदामात टाकलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं शिल्प शिल्पकाराला परत द्यायला लावलं आणि वर पाच लाखांची भरपाई.

भाची : पात्राच्या बाबतीत केरळचं प्रकरण मला जास्त जवळचं वाटतं. टॉम्स नावाने चित्रं काढणारे व्ही. टी. थॉमस. 'बोबनुम मोलियुम' ही त्यांची चित्रमालिका 'मनोरमा' साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर यायची. लोक साप्ताहिक मागून पुढे वाचायचे. नोकरी सोडून ते दुसऱ्या नियतकालिकात काढायला गेले, तेव्हा प्रकाशक कोर्टात गेला. केरळ उच्च न्यायालय म्हणालं, नोकरीच्या काळात छापलेली चित्रं प्रकाशकाची. पण बोबन आणि मोली नोकरीच्या आधीच जन्मले होते, ते चित्रकाराचे. नोकरी संपल्यावर तो त्यांना घेऊन जाऊ शकतो.

मामा : त्यातला धडा घेतलास का? तुझी आजी मालिकेच्या आधी जन्मलेली असेल, तर पुरावा ठेव. कथा कुठे छापली असेल तर उत्तम, नसेल तर लेखकांच्या संघटनेत नोंद कर. करारात लिही, की हे पात्र लेखिकेच्या अमुक तारखेच्या कथेतून घेतलं आहे. एका ओळीने पुढची वीस वर्षं बदलतात.

भाची : लिहीन. पण प्रत्येक पोराने एवढं जाणून सही करावी ही अपेक्षाच चुकीची आहे. आपल्या नाटकात बघ. नाटककाराला प्रयोगामागे मानधन मिळतं. नाटक पडलं तर लेखकाच्या मानधनापायी निर्माता बुडत नाही, पाचशे प्रयोग झाले तर लेखकही सुखावतो. आधी किंमत ठरवायची गरजच नाही, किंमत प्रयोग ठरवतात.

मामा : नाटकाला प्रयोग मोजता येतात. ओटीटीवर किती जणांनी पाहिलं हे प्लॅटफॉर्म सहसा सांगत नाही, मग कशाच्या टक्क्याने वाटा देणार?

भाची : अमेरिकेतल्या लेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला, त्यातला एक मुद्दा हाच होता. पटकथेची मालकी ते स्टुडिओलाच देतात, तरी संघटनेच्या बळावर पुनर्प्रक्षेपणाचे पैसे, श्रेयाचे नियम मिळवलेत. संपानंतर स्ट्रीमिंगचे आकडे गुप्ततेच्या अटीवर संघटनेला मिळायचं ठरलं आणि जास्त पाहिल्या गेलेल्या मालिकांना वरचा बोनस. मोजता येत नाही असं कंपनी म्हणते, तेव्हा तिला मोजायचं नसतं.

मामा : आपल्याकडे सगळ्या निर्मात्यांना बांधून घेईल असा सामुदायिक करार नाही. म्हणून प्रत्येक जण एकटा जातो आणि सातव्या कलमाला धडकतो.

भाची : मग तूच सांग, तू टेबलाच्या पलीकडे असतास तर काय मान्य केलं असतंस?

मामा : आधी हे जाणून घे की तुझं सातवं कलम दिसतं तेवढं भक्कम नाही. जे माध्यम आज अस्तित्वातच नाही, त्याचा करारात नेमका उल्लेख नसेल तर हक्क जात नाही. नुसतं 'सर्व माध्यमं' लिहून भागत नाही. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेतलेला हक्क वर्षभर वापरलाच नाही तर तो आपोआप परत येतो.

भाची : पण इथे चौदाव्या कलमात लिहिलंय, की कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ चं चौथं पोटकलम, म्हणजे हाच वर्षभराचा नियम, या कराराला लागू नाही.

मामा : लिहिणारच, मीही लिहीत होतो. कायद्यानेच वेगळं ठरवायची मुभा ठेवलीय. ते कलम कुणी वाचत नाही हे आम्हाला ठाऊक असायचं. आता मागण्या. पहिली, नाव. मालिका, सिक्वेल, गेम, दुसऱ्या भाषेतली आवृत्ती, प्रत्येक ठिकाणी 'पात्रनिर्मिती' म्हणून तुझं नाव. याला पैसे लागत नाहीत, कंपनी देते. दुसरी, वाटा. पण नफ्यात मागू नकोस, उत्पन्नात माग. नफा हा हिशेबनीस ठरवतो. कितीही गाजलेली गोष्ट कागदावर तोट्यात दाखवता येते. दोन टक्के उत्पन्नाचे घे, वीस टक्के नफ्याचे घेऊ नकोस.

भाची : आणि तिसरी माझी. पाच वर्षं पात्र वापरलं नाही, तर ते मला परत. आणि मालिकेचं उत्पन्न ठरावीक आकड्यापुढे गेलं, तर मोबदल्यावर पुन्हा बोलणी. आज किंमत ठाऊक नाही हे तुम्हीही मानता ना? मग किंमत कळेल त्या दिवसाची तारीख करारातच घाला.

मामा : पुन्हा बोलणी? ते कुणी मान्य करणार नाही. कंपनीला उद्याची रक्कम आज लागते, नाहीतर गुंतवणूकदार येत नाही.

भाची : गुंतवणूकदाराला ठरावीक आकडा द्या. 'अमुक कोटींपुढे इतके टक्के' हासुद्धा ठरावीकच आकडा झाला.

मामा : हं. तसं लिहिलं तर बसेल कदाचित. पण पात्र परत देणं नाही. त्यावर माझं मत बदलत नाही. ज्याने पाच वर्षं पैसा घालून लोकांच्या तोंडी ते नाव बसवलं, त्याला रिकाम्या हाती पाठवणं मला पटत नाही.

भाची : आणि पाच वर्षं कपाटात कोंडून ठेवणं मला पटत नाही. हे तसंच राहू दे. मी तिन्ही मागणार आहे.

मामा : माग. तिसरी नाकारताना त्यांना जरा अवघडल्यासारखं होईल, आणि त्या अवघडलेपणात पहिल्या दोन निघून जातील. टेबलाच्या त्या बाजूला बसून मी हे अनेकदा होताना पाहिलंय.